नसती उठाठेव

(मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर इथल्या एका महिला बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या ताईंचं सामुदायिक रेडिओवरचं भाषण)



मी मलकापुरातून बोलतेय. आमच्या बचत गटाचे हिशेब मी लिहिते. दर वेळी या कार्यक्रमात कुणी पापडाची रीत सांगतं, कुणी शेळीपालनाची, कुणी कर्जाच्या योजनेची. आज मी यातलं काही सांगणार नाही. मी एका मेलेल्या डब्याची गोष्ट सांगणार आहे. हातात भाकरीचं पीठ असेल तर थापत थापत ऐका.

डबा म्हणजे कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क. पंजापेक्षा थोडी मोठी, अर्धा-पाऊण किलो वजनाची, लोखंडी दिसणारी वस्तू. कॉम्प्युटरमध्ये आपण जे लिहितो, जे फोटो ठेवतो, ते सगळं या डब्यात राहतं. आता नव्या कॉम्प्युटरमध्ये वेगळ्या जातीची, आत काहीच न फिरणारी डिस्क येते. पण ऑफिसांमधून, दुकानांमधून ही जुनी फिरणारी डिस्क अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

आमच्या गटात अकरा जणी. सुरुवातीची कितीतरी वर्षं सगळे हिशेब वहीत होते. मग कुणी सांगितलं, आता वह्या कशाला, कॉम्प्युटरवर घ्या. ओळखीच्या एका ठिकाणी कॉम्प्युटर होता. मी मिटिंगनंतर कच्च्या कागदावर आकडे लिहून न्यायची, तिथला मुलगा ते भरायचा आणि छापील पान हातात द्यायचा. पहिले काही महिने पानं मी नीट ठेवली. पुढे पुढे म्हटलं, तिथं आहेच की सगळं. कच्चे कागद तर चुलीत गेले.

एक प्रश्न दर महिन्याला माझ्या जिभेवर यायचा. "बाळा, हे नक्की राहतं कुठं? आणि हे यंत्र बंद पडलं तर?" पण मी कधी विचारलं नाही. अडाणी दिसू याची लाज. शिवाय त्या मुलाच्या मागे कामं असायची. आपली नसती चौकशी कशाला, असं वाटायचं.

मग एका पावसाळ्यात तो कॉम्प्युटर बंद पडला. शाहूवाडीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि त्या दिवसांतली वीजही माहीत आहे. दहा वेळा जाते, दहा वेळा येते. यंत्र सुरू केलं की आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायचा आणि पडदा काळाच राहायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "मावशी, डिस्क गेली. मोठ्या शहरात पाठवून काही निघतंय का बघता येईल, पण पैसे बरेच लागतील आणि खात्री नाही." आमच्या गटाच्या शिल्लकीतून एवढे पैसे घालायला कुणी तयार झालं नाही. मुलानं त्याची स्वतःची दुसरी कॉपी ठेवली नव्हती, आणि ठेवायला आम्ही कधी सांगितलंही नव्हतं.

अडीच वर्षांचे हिशेब गेले. बँकेतली बचत पासबुकावर दिसत होती, त्यामुळे ती वाचली. पण गटातल्या गटात दिलेलं कर्ज? ते मिटिंगमध्ये रोखीनं दिलेलं, हप्ते रोखीनं आलेले. कुणी किती हप्ते भरले हे बँकेला काय माहीत? एक जण म्हणाली, मी सात भरले. दुसरीला आठवत होतं पाच. दोघी खऱ्या बोलत असतील, पण आठवण ही आठवण असते. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी मात्र घरात दाराआडच्या भिंतीवर प्रत्येक हप्त्याला कोळशाची एक रेघ ओढून ठेवली होती. अकरा जणींत एकट्या त्यांचा हिशेब पुरा निघाला.

शेवटी आम्ही ठरवलं, जी जे सांगेल ते खरं धरायचं. गट टिकला. पण एक मैत्रीण त्या वादात गट सोडून गेली ती गेलीच. बाजारात भेटली की मान वळवते. न विचारलेल्या एका प्रश्नाची आम्ही मोजलेली ही किंमत.

ती मेलेली डिस्क दुरुस्तीवाल्यानं माझ्या हातात दिली. मी ती घरी आणून फडताळात ठेवली. का ठेवली, सांगता येणार नाही. अडीच वर्षं त्यात होती, टाकवेना.

वर्षभरानं उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नात म्हणाली, "आजी, हे उघडून बघू?" ती आठवीतून नववीत गेलेली. मी तिला काय म्हटलं असेन? तुम्ही तुमच्या पोरींना म्हणता तेच. "कशाला गं नसती उठाठेव? त्यातनं काय मिळणार हाय?"

आणि बोलता बोलता मीच थांबले. हे वाक्य मला माझ्या आईनं ऐकवलं होतं, सासूबाईंनी ऐकवलं होतं. हेच वाक्य मनात ऐकून मी त्या मुलाला प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, उघड बाई. आता त्यात बिघडायचं काय राहिलंय?

डिस्कला चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू असतात. आपला साधा पेचकस चालत नाही. नातीनं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून पेचकस उसना आणला. एक स्क्रू वरच्या कागदाखाली लपलेला होता, तो सापडायला अर्धा तास गेला. झाकण निघालं आणि आम्ही दोघी गप्पच झालो. आत आरसा होता.

खरंच आरसा. गोल, चकचकीत तबकडी, मध्ये भोक. माझा चेहरा त्यात स्वच्छ दिसत होता. तिच्याखाली आणखी एक तशीच. दोन्ही बाजूंनी जुन्या ग्रामोफोनच्या काट्यासारखा एक हात आत गेलेला. फक्त एका जागी तबकडीवर गोल ओरखडा होता. तव्यावर कलथा घासून पडतो तसा. आमची अडीच वर्षं तिथं खरवडली गेली होती.

आता हा डबा कशाकशाचा असतो ते सांगते. नातीनं पुस्तकं धुंडाळून, शाळेतल्या सरांना विचारून मला समजावलं, तसं सांगते.

बाहेरचं खोकं बहुतेक अल्युमिनियमचं. तबकडी अल्युमिनियमची असते किंवा काचेची. आमची अल्युमिनियमची निघाली. आणि हे अल्युमिनियम येतं कुठून? बॉक्साइटच्या दगडातून. बॉक्साइट कुठं सापडतं? आपल्या डोक्यावर! शाहूवाडी, राधानगरी, चंदगड इथले जे उंच सडे आहेत, जिथं जांभा दगड पसरलाय, तिथंच बॉक्साइट आहे. हजारो-लाखो वर्षं पावसानं काळा कातळ धुतला, त्यातलं बाकीचं वाहून गेलं आणि अल्युमिनियमचा अंश मागे साठला. आपला कोसळणारा पाऊसच त्याचा कारागीर. कोल्हापूर जिल्ह्यातलं बॉक्साइट ट्रकनं बेळगावच्या कारखान्यात गेलेलं आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलंय. साधारण चार टन दगडातून एक टन अल्युमिनियम निघतं. ते ट्रक मी पाहिले होते. धुळीला शिव्याही दिल्या होत्या. पण माझ्या हिशेबाची तबकडी अशाच दगडातून होते, हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्या अल्युमिनियमवर निकेलचा मुलामा असतो. तो घासून आरशासारखा करतात. त्याच्यावर आणखी पातळ थर. त्यातला मुख्य थर कोबाल्ट, क्रोमियम आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रणाचा. खरं लिखाण होतं ते याच थरात. त्याच्यावर कार्बनचं कवच, आणि सगळ्यात वर तेलाचा हात पुसल्यासारखा एक अगदी सूक्ष्म लेप. जगातलं बहुतेक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतं, बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून. प्लॅटिनम म्हटल्यावर आमच्या काकींनी कान टवकारले. पण काकी, ते इतकं थोडं असतं की त्याची चमकीही होणार नाही.

लिहिलं जातं कसं? त्या थरात बारीक बारीक कण असतात. प्रत्येक कण म्हणजे एक इवलंसं लोहचुंबक. हाताच्या टोकाला जो काटा असतो तो कणांच्या छोट्या छोट्या घोळक्यांची तोंडं एका दिशेला नाहीतर उलट्या दिशेला वळवतो. वळलं म्हणजे एक खूण. काकींच्या भिंतीवरच्या रेघेसारखंच: रेघ आहे किंवा रेघ नाही. एवढ्या दोनच खुणांत सगळे हिशेब, सगळे फोटो, सगळी गाणी लिहिली जातात. वीज गेली तरी त्या चुंबकांची तोंडं वळलेली राहतात, म्हणून मजकूर टिकतो.

ही तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२०. आणि काटा तिला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीबरोबर जो वारा उठतो, त्याच्यावर तो तरंगतो. मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढं, कधी त्याहून कमी. चुलीच्या धुराचा कणही तिथं डोंगराएवढा. म्हणून चालू डिस्क कधी उघडायची नाही. डोळ्यांना न दिसणारी धूळ बसली तरी ती मेलीच समजा. आमची आधीच मेलेली होती म्हणून आम्ही उघडली.

हाताच्या बुडाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं, आणि त्याच्या वर-खाली दोन चपटी, चंद्रकोरीसारखी लोहचुंबकं. ती निओडिमियम नावाच्या धातूच्या मिश्रणाची. निकेलचा मुलामा असल्यानं चांदीसारखी चमकतात. दिसायला एवढीशी, पण एक सांडशीला चिकटलं ते मला निघेना, लेकाला बोलवावं लागलं.

नातीच्या हातात ती लोहचुंबकं पडली आणि आमच्या घरातलं काही सुटलं नाही. डबे झाले, कढई झाली, खिडकीचे गज झाले. मग ती नदीवर गेली. चुंबकावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वाळूतून फिरवलं, तर काळी बारीक मिशी उगवल्यासारखी वाळू चिकटून आली. आपल्यातल्या कितीजणींनी लहानपणी हा खेळ केला असेल! मग तिनं चुंबक दोऱ्याला बांधलं आणि माझ्या जुन्या जात्याजवळ धरलं. दोरा हलला. चुंबक जात्याकडे झुकलं आणि हळूच टेकलं. लाकडी खांबाजवळ धरलं तर काही नाही. पुन्हा जात्याजवळ, पुन्हा झुकलं.

"आजी, दगड चुंबकाला का ओढतो?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पण या वेळी "गप बस" म्हटलं नाही. "शाळा सुरू झाली की सरांना विचार," म्हटलं. सर भले. त्यांनीही "माहीत नाही, शोधून सांगतो" म्हटलं, आणि आठवड्यानं खरंच सांगितलं. आजच्या भाषणाचं खरं कारण तीच हकिगत आहे.

आपला काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस थरावर थर वाहिला आणि थंड होऊन दगड झाला. विशाळगड त्याचाच, १६६० साली बाजीप्रभू ज्या खिंडीत लढले ती त्याचीच, आणि आपलं जातं, पाटा-वरवंटाही त्याचाच. या दगडात लोखंडाचे काळे कण असतात. दगड झिजला की तेच नदीच्या वाळूत येतात. जात्यानं चुंबकाला ओढलं ते त्यांच्यामुळं.

पण गंमत पुढेच आहे. दगड तापलेला असताना या कणांना कसलीच दिशा नसते. तो निवत निवत ठराविक गरमीच्या खाली आला, लोखंडाच्या त्या काळ्या खनिजाच्या बाबतीत सुमारे ५८० अंशांच्या खाली, की त्या वेळी पृथ्वीचं चुंबकत्व ज्या दिशेला असेल ती दिशा हे कण धरून ठेवतात. मग दगड कोटी वर्षं पावसात राहू दे, त्यांची दिशा मोडत नाही. म्हणजे आपला सह्याद्री हीच एक हार्ड डिस्क आहे. लाव्हाच्या प्रत्येक थरानं तो थिजला त्या दिवसाची नोंद लिहून ठेवलीय.

ही नोंद वाचली कुणी? इथे सोन्याची गोष्ट येते. इंग्लंडमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या मनात आलं, कुठलीही जड वस्तू नुसती फिरली तरी तिच्यात चुंबकत्व येत असेल का? पृथ्वी फिरते, म्हणून ती चुंबक आहे का? हे तपासायला त्यांनी इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेकडून पंधरा किलोहून जास्त सोन्याचा एक गोळाठोकळा उसना घेतला. आणि अतिशय मंद चुंबकत्व मोजणारं एक नाजूक यंत्र बांधलं. निकाल काय? काही नाही. सोन्यात चुंबकत्व सापडलं नाही, कल्पना चुकीची ठरली. आपल्याकडे लोक काय म्हणाले असते? "एवढं सोनं आणलं, एवढी वर्षं घालवली, मिळालं काय?"

पण यंत्र हातात राहिलं. ते दगडातलं मंद चुंबकत्व मोजायच्या कामी आलं. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या तिघांनी आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचे नमुने मोजले, १९५६ साली ते छापून आलं. त्याच सुमाराला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम सुरू झालं. तिथं राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे यांच्यासारखे शास्त्रज्ञ दख्खनचे दगड गोळा करून मोजत होते. दगड काढायच्या आधी त्याच्यावर उत्तर कुठं, वरची बाजू कुठली, याची खूण करायची. खुणेशिवाय उचललेला दगड म्हणजे तारखेशिवाय लिहिलेला हिशेब. आपल्या जात्याचं तेच झालंय. त्याच्या पोटात नोंद आहे, पण ते खाणीत कुठल्या बाजूला तोंड करून होतं हे पाथरवटानं लिहून ठेवलं नाही.

या दगडांनी काय सांगितलं? हा लाव्हा थिजला तेव्हा आपली जमीन इथं नव्हतीच. ती विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होती आणि नंतर सरकत सरकत उत्तरेला आली. त्या काळी जमिनी सरकतात हे म्हणणं पुष्कळ शास्त्रज्ञांना हसण्यावारी न्यावंसं वाटायचं. आपल्या काळ्या दगडानं साक्ष दिली. आणखी एक. काही थरांतलं चुंबकत्व साफ उलटं निघालं, कारण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव मधूनमधून अदलाबदल करतात. आज ज्या टोकाकडे होकायंत्राची सुई वळते, तेव्हा ती उलट्या टोकाकडे वळली असती.

आणि जमिनी सरकतात हे पक्कं झालं म्हणून आज भूकंप कुठं आणि का होतात हे जास्त नीट कळतं. कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवलाय त्यांना मी वेगळं काय सांगू?

याच १९५६ साली तिकडे अमेरिकेत आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क बाहेर आणली. ५० तबकड्या, प्रत्येक दोन फूट रुंद, सगळं यंत्र सुमारे एक टनाचं. त्यात मावायची कशीबशी ५० लाख अक्षरं. त्या तबकड्यांवर लोखंडाच्या ऑक्साइडचा तांबूस रंग दिलेला होता, म्हणजे गंजाच्याच भाऊबंदांपैकी. तो रंग बायकांच्या पायमोज्यातून गाळून, कागदी पेल्यानं फिरत्या तबकडीच्या मध्याशी ओतायचे, मग तो आपोआप सारखा पसरायचा. आपण पीठ वस्त्रगाळ करतो आणि तव्यावर आंबोळी पसरतो, तसंच की! डोंगर लिहितो तेही लोखंडाच्या कणांत, आणि माणसानं लिहायला घेतलं तेही लोखंडाच्या कणांत.

मग एवढ्या मोठ्या यंत्राचा हा पंजाएवढा डबा कसा झाला? त्यातही एक उठाठेव आहे. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग हे दोघे वेगवेगळे बसून एकच बघत होते: लोखंड आणि क्रोमियमचे अगदी पातळ थर एकावर एक ठेवले तर चुंबकाजवळ त्यांतून वीज कशी वाहते? त्यांना दिसलं की चुंबकत्व जरासं बदललं की विजेला होणारा अडथळा खूपच बदलतो. सुरुवातीला तो नुसता पदार्थाचा स्वभाव जाणून घ्यायचा प्रयत्न होता. पण म्हणजे अतिशय बारीक खूणही आता वाचता येणार होती! १९९७ पासून तसे काटे डिस्कमध्ये बसू लागले. खुणा बारीक झाल्या आणि तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावू लागलं. दोघांना २००७ साली नोबेल मिळालं.

आता मी खोटं सांगणार नाही. प्रत्येक उठाठेवीतून नोबेल निघत नाही. शंभर वेळा विचारलं तर नव्व्याण्णव वेळा हाती काहीच लागत नाही. माझ्या नातीनं डिस्क उघडली त्यातून आमचे हिशेब परत मिळाले नाहीत. दुरावलेली मैत्रीणही परत आली नाही. पण कुठला प्रश्न कामाचा आणि कुठला रिकामा, हे विचारायच्या आधी कुणालाच कळत नाही. ब्लॅकेटना कळलं नव्हतं. मलाही कळलं नव्हतं. "हे राहतं कुठं?" हा माझा प्रश्न मला रिकामा वाटला होता. अडीच वर्षांत त्याच्याइतका कामाचा प्रश्न दुसरा नव्हता.

आणि आपल्या बायकांच्या चौकशीला गावात नावंच किती! भोचकपणा, चोंबडेपणा, उचापती, उठाठेव. पुरुषानं मोटारीचं बॉनेट उघडून तास घालवला तर ते शोधणं, आणि आपण विचारलं की लुडबूड. ही नावं ऐकून ऐकून आपण आपल्याच पैशाबद्दल, आपल्याच औषधाबद्दल, आपल्याच सहीच्या कागदाबद्दल विचारायचं सोडून देतो. ज्याला साधं "हे काय आहे?" विचारायची सवय नाही, त्याला अडचणीच्या वेळी "हे असं का?" विचारणं जमत नाही. सवय रिकाम्या वेळीच लावून घ्यावी लागते.

जाता जाता कामाच्या चार गोष्टी.

गटाचा हिशेब तीन ठिकाणी ठेवा. एक हातानं लिहिलेली वही, तारखेसह, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह. दुसरा कॉम्प्युटरवर असेल तर असू दे. तिसरी प्रत वेगळ्या घरात: पेन ड्राइव्हवर, नाहीतर निदान वहीच्या पानांचे फोटो दुसरीच्या मोबाईलमध्ये. तिन्ही एका छपराखाली ठेवू नका.

जुना कॉम्प्युटर भंगारात देताना सांभाळा. फाईल पुसली म्हणजे यादीतलं नाव जातं, मजकूर बरेचदा तिथंच असतो आणि जाणकाराला तो काढता येतो. त्यात आधार कार्ड, पासबुक, सह्या असतील. देण्यापूर्वी माहितगाराकडून डिस्क पूर्ण पुसून घ्या किंवा तबकडी निकामी करून घ्या. तबकडी काचेची असू शकते, घरी हातोडा मारलात तर काचा डोळ्यात जातील.

तांब्यासाठी वायरी किंवा हिरव्या पट्ट्या चुलीत, शेकोटीत जाळू नका. तो धूर विषारी असतो. असा कचरा घ्यायची परवानगी असलेले लोक असतात, नगरपरिषदेत चौकशी करा.

आणि ती लोहचुंबकं लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन गिळली गेली तर आतड्याला मध्ये धरून चिकटतात आणि जिवावर बेततं. बोटंही चिमटतात. हृदयाला यंत्र बसवलेल्या माणसाजवळ नेऊ नका.

आमच्या गटानं आता एक रीत पाडलीय. मिटिंगमध्ये बचत गोळा झाली, हप्ते लिहिले, सह्या झाल्या की पाच मिनिटं प्रश्नाची. कुणीही काहीही विचारायचं. हसायचं नाही. उत्तर माहीत नसेल तर पुढच्या वेळेपर्यंत एकीनं शोधून आणायचं. आतापर्यंत विचारलेले प्रश्न असे: प्रेशर कुकरची शिट्टी का होते? कर्जावरचं व्याज रोज धरतात की महिन्याला? नाचणी लाल का? बँकेच्या फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं काय असतं? पहिला आणि तिसरा रिकामा, दुसरा आणि चौथा कामाचा, असं तुम्हाला वाटेल. मी आता असं वाटून घेत नाही.

गेल्या मिटिंगला काकींनी विचारलं, "ते समदं खरं, पण जात्यात जे लिवलंय ते पुसायचं कसं?" नातीला विचारलं. ती म्हणाली, लाल होईपर्यंत तापवलं तर पुसलं जाईल, आणि निवताना नवीन लिहिलं जाईल, आजच्या उत्तरेचं.

काकी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नगं बाई. र्‍हाऊ दे हाय ते."

त्यांनी भिंतीवरच्या रेघाही अजून पुसलेल्या नाहीत. दिवाळीला घर सारवलं, तेवढा कोपरा सोडून.

आज इथंच थांबते. तुमच्या गटात पाच मिनिटं प्रश्नाची सुरू केलीत, तर पहिला प्रश्न कुणी आणि काय विचारला, ते जरूर कळवा. नमस्कार.